कारागिरांचा बळी आणि समतोलाचा कांगावा

१५ नोव्हेंबर २००५ रोजी सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या अमेरिकी कंपनीने 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' या स्वतःच्याच ऑनलाइन खेळातल्या तीसहून अधिक पेशांवर कुऱ्हाड चालवली आणि उणेपुरे नऊ शिल्लक ठेवले. चिलखत घडवणारा, शस्त्र घडवणारा, घर बांधणारा, शिंपी, हे सारे तोवर आपापल्या मानाने जगणारे स्वतंत्र कारागीर होते. त्या सर्वांना 'व्यापारी' या एकाच गोठ्यात कोंबून आत नावापुरत्या चार दावणी ठोकण्यात आल्या. दोन दशकांपूर्वीचे हे मढे आम्ही आज का उकरतो, असे कोणी विचारील. तेच पाप 'समतोला'चे तेच गोड शब्द वापरून दर अपडेटला पुन्हा केले जाते, आणि आमच्या पुलगावातली पोरे महिनोन्महिने खपून जमवलेला माल एका सकाळी मातीमोल झालेला पाहतात, म्हणून उकरतो.

या खेळात चिलखत करणे म्हणजे काय होते, ते आधी नीट ध्यानी घ्यावे. धातूचा साठा ग्रहावर काही दिवस टिके, मग नाहीसा होई आणि दुसरीकडे निराळ्या प्रतीचा उगवे. तो हुडकायचा, त्यावर यंत्रे बसवायची, आघात सोसण्याची ताकद आणि चिवटपणा यांचे आकडे ताडायचे, प्रयोग करताना माल बिघडण्याची जोखीम पत्करायची, साचा कारखान्यात लावायचा, आणि मग आपले नाव कोरलेले चिलखत आपल्याच दुकानात मांडायचे. जड चिलखत अंगावर चढले की वापरणाऱ्याच्या प्रकृतीवर, चपळाईवर आणि मनावर त्याचा भार पडे. संरक्षण किती आणि ओझे किती, हा समतोल साधणे हेच तर त्या कारागिराचे कसब होते! ज्याने आयुष्यात कधी शत्रूवर एक गोळी झाडली नाही, असा माणूस निव्वळ चांगल्या मालाच्या जोरावर अख्ख्या सर्व्हरवर नामांकित होई.

दोष नव्हते काय? होते, आणि ते झाकण्याची आम्हाला गरज नाही. उत्तम प्रतीचे कॉम्पोझिट चिलखत आणि वर वैद्याने दिलेले बळ, एवढे साधले की लढवय्या जवळजवळ अवध्य ठरे. मग जो तो तेच चिलखत घाली आणि बाकीचे प्रकार धूळ खात पडत. यावर उपाय कानसीने घासण्याचा होता. कंपनीने घण घातला.

आणि घण घालण्याचा मुहूर्त कोणता? १ नोव्हेंबर २००५ रोजी 'ट्रायल्स ऑफ ओबी-वान' हा विस्तार ग्राहकांच्या गळ्यात मारला, पैसा गल्ल्यात पडला, आणि काही दिवसांतच जाहीर झाले की ज्या पेशांसाठी अनेकांनी तो घेतला ते पेशेच आता राहणार नाहीत. बोंब झाल्यावर पैसे परत करण्याची नामुष्की ओढवली ती वेगळीच. पुढच्याच महिन्यात भागीदार कंपनी लुकासआर्ट्सच्या अधिकारी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सांगून मोकळ्या झाल्या की खेळात वाचन फार होते आणि लोकांना हवे असते तत्काळ सुख : मारा, खजिना उचला, पुन्हा मारा. पोटातले ओठांवर आले ते असे! वर्षभरापूर्वी निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'कडे गर्दी लोटली होती आणि शेजाऱ्याचा गल्ला पाहून यांना झोप लागत नव्हती. विचार करणारा, वाट पाहणारा, हिशेब ठेवणारा कारागीर हे त्यांच्या लेखी गिऱ्हाईकच नव्हते. म्हणे समतोल!

शेजाऱ्याचे अंगण तरी कुठे स्वच्छ आहे? 'वॉरक्राफ्ट'ची धनीण ब्लिझार्ड वर्षानुवर्षे सोन्याच्या चोरट्या विक्रेत्यांवर आग पाखडत होती. २०१५ मध्ये तिने स्वतःच टोकन काढले आणि रोख पैशांच्या बदल्यात सोने मिळण्याची राजरोस सोय केली. २०२२ च्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये कारागिरांना नवी कौशल्ये, मालाच्या प्रती आणि मागणीची वही मिळाली, हे आम्ही मान्य करतो; पण उंची चिलखताला लागणारा मुख्य जिन्नस मात्र कंपनीच ठरावीक मुदतीने मोजून हाती ठेवणार. भाता तुमचा, घाम तुमचा, कोळसा मालकाच्या कुलपात. हिच्याच 'डायाब्लो ३'मध्ये लिलावघर उघडून राक्षस मारण्यापेक्षा बाजारात उभे राहणे फायद्याचे करून ठेवले होते. मार्च २०१४ मध्ये ते दुकान गुंडाळताना याने मूळ खेळच पोखरला गेला, असे तिलाच कबूल करावे लागले.

आमच्या गावाला कारागिराच्या मोलाचा हा धडा नव्याने घ्यावा लागत नाही. देशाचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार पुलगावच्या कडेला आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. खेळातल्या हानीला त्या मरणाशेजारी बसवण्याइतके आम्ही निर्लज्ज नाही. पण घडवणारा आणि जपणारा यांच्यावाचून लढणाऱ्याच्या हाती काय उरते, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. आणि गावातली कॉटन मिल बंद पडल्यावर कसबी हातांची किंमत कशी उतरते, हेही इथल्या म्हाताऱ्यांनी पाहिले आहे. जे पुलगावला कळते ते कोट्यवधी डॉलर्सच्या कंपनीला कळत नाही, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. कळते, पण परवडत नाही.

खरोखर परवडत नाही काय? 'गॅलक्सीज'च्या महिनाभर आधी, मे २००३ मध्ये, आइसलँडच्या सीसीपी कंपनीने 'ईव्ह ऑनलाइन' काढला. तिथली बहुतेक सारी जहाजे खेळाडूच बांधतात, आणि युद्धात फुटलेले जहाज परत येत नाही. जानेवारी २०१४ मधल्या बी-आर५आरबी येथील एकाच लढाईत ७५ महाकाय 'टायटन' जहाजे नष्ट झाली, आणि त्यांतल्या प्रत्येकामागे खाणीपासून गोदीपर्यंत राबलेले हात होते. फुटते म्हणून पुन्हा बांधावे लागते, बांधावे लागते म्हणून कारागिराला मान राहतो. तो खेळ वीस वर्षे ओलांडूनही चालू आहे. 'मारा आणि उचला'चा मंत्र जपणारा 'गॅलक्सीज' १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाला. कंपनीने परवान्याचे निमित्त पुढे केले, पण त्याचा जीव सहा वर्षे आधीच घेतला होता.

तेव्हा आता आमचे सरळ मागणे ऐका. राक्षसाच्या प्रेतातून गळणारे चिलखत माणसाने घडवलेल्या चिलखतापेक्षा सरस असता कामा नये. वस्तू झिजली पाहिजे. तिच्यावर करणाऱ्याचे नाव राहिले पाहिजे. आणि पेशा मोडायचाच असेल तर त्याची सूचना पैसे घेण्याच्या आधी दिली पाहिजे, नंतर नव्हे. यात गूढ असे काही नाही. हे होत नसेल तर पुलगावच्या पोरांनी वर्गणी थांबवावी.