पहिलीतून एकदम चौथीत

माझा धंदा शिकवण्याचा. वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवीत आलो आहे. पण मी शिकवले म्हणून कुणाला मराठी आले, असा दावा मी या सदरात कधी केलेला नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र अमेरिकेत एका विद्यार्थ्याला मी एक विषय शिकवला, आणि आश्चर्य असे की, तो खरोखरच शिकला! विषय होता क्लच सोडणे. विद्यार्थी होता माझा पुतण्या.

आमचे दादा पंचवीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून निघाले ते मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या एका उपनगरात स्थिरावले. आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरपेट्यांचे आराखडे करणे हा त्यांचा व्यवसाय. ज्या देशात नव्या गाड्यांपैकी शंभरात जेमतेम एकदोन हाताने गिअर टाकण्याच्या असतात, त्या देशात त्यांना कामाची वाण कशी पडणार? आणि अशा माणसाच्या चिरंजिवाने पहिली कमाई कशात घालावी? हाताने गिअर टाकण्याच्या, तेवीस वर्षे वापरलेल्या गाडीत!

गाडी 2002 सालची शेवरोले कॅमॅरो. गाडी आणि मालक एकाच वयाचे. अमेरिकेत अशा गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. आपण पैलवान गाडी म्हणू. या पैलवानांची कूळकथा साधारण 1964 पासून सांगतात. त्या साली पाँटिअॅक जीटीओ आली. मध्यम आकाराची गाडी आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचे 389 घनइंची इंजिन! त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली, आणि तिला उत्तर म्हणून 1966 मध्ये कॅमॅरो. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे कडक झाले, 1973 ची तेलटंचाई आली आणि पैलवानांचा खुराक तुटला. कॅमॅरो मात्र तग धरून राहिली. 2002 मध्ये ती बंद झाली, 2009 मध्ये पुन्हा निघाली आणि 2023 च्या डिसेंबरात पुन्हा थांबली.

आमच्या पुतण्याच्या गाडीचे इंजिन 5.7 लिटरचे, आठ सिलिंडरांचे, 310 अश्वशक्तीचे. मी ज्या मारुती 800 वर शिकलो तिचे इंजिन 796 सी.सी.चे. म्हणजे सात मारुत्या एका बॉनेटखाली!

दादांनी या गाडीकडे एकदाच पाहिले. “पुढच्या शिक्षणाचे पैसे या लोखंडात घातले,” एवढे बोलले, आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलायचेच थांबले. मी पोचलो तेव्हा या मौनाला चौथा महिना लागला होता. वहिनी बिचाऱ्या टपालखाते चालवीत होत्या. “त्याला म्हणावं, जेवायला ये.” “बाबांना सांग, मी नंतर जेवतो.” एका छपराखाली चार पावलांवरून निरोप जात होते.

त्यातून चिरंजिवांना ती गाडी धड चालवता येत नव्हती. प्रत्येक चौकात ती आचका देऊन बंद पडे. मग मागच्यांचे भोंगे आणि याचा लालबुंद चेहरा! दोष गाडीचा, असा त्याने निष्कर्ष काढला होता आणि नव्या सुट्या भागांची यादी केली होती : आखूड गिअरदांडा, भारी क्लच, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट. मला म्हणाला, “काका, आधी गाडी अपग्रेड करतो, मग शिकतो.”

मी हसलो. पुस्तक उघडण्यापूर्वी गाईड विकत घेणारे विद्यार्थी मला काही नवे नाहीत. म्हटले, “बाबा रे, जी गाडी तुला अजून कळलीच नाही, तिच्यात सुधारणा कशाची करणार?”

रविवारी एका शाळेच्या रिकाम्या वाहनतळावर आमचा वर्ग भरला. प्रात्यक्षिक दाखवावे म्हणून मी मोठ्या दिमाखाने चक्रामागे बसलो. गिअर टाकायला सवयीने डावा हात नेला आणि दाराची कडी ओढली. तिकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताला, हे डोक्याला ठाऊक होते, हाताला नव्हते. दार उघडले, गाडी बंद पडली. पुतण्या चार महिन्यांत प्रथमच मोकळेपणी हसला असावा. मी मुकाट्याने शेजारच्या जागेवर गेलो. तिथे पायांखाली जमिनीला एक उंचवटा आहे. त्याच्याखाली धूर शुद्ध करणारी पेटी असते. सारा उन्हाळा मी त्या उंचवट्यावर पाय ठेवून अध्यापन केले.

पहिला पाठ : ॲक्सिलेटरला पाय लावायचाच नाही. एवढ्या इंजिनाला सपाटीवर ‘रेस’ द्यावी लागत नाही. नुसता क्लच हळू सोडला की गाडी आपली आपण निघते. पण हळू म्हणजे किती हळू? इंजिनाबरोबर एक जड तबकडी फिरत असते, गिअरपेटीकडे दुसरी असते. पेडल दाबले की त्या सुटतात, सोडले की एकमेकींना घट्ट धरतात. मधे एक जागा अशी येते की, धड सुटलेल्या नाहीत, धड धरलेल्या नाहीत. आपल्याकडचा कोणताही ड्रायव्हर त्या जागेला ‘हाफ क्लच’ म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या पुतण्याला हा शब्द ठाऊक नव्हता! मी म्हटले, “इंजिनाचा आवाज किंचित खाली येईल, नाक जरासं उचलेल. तिथं थांब. घाई करायची जागा ती नव्हे.”

तिसऱ्या रविवारी गाडी आचका न देता निघाली. मग आम्ही वूडवर्ड ॲव्हेन्यूवर गेलो. या रस्त्याचा एक मैल 1909 मध्येच काँक्रीटचा झाला होता. साठीच्या दशकात तिथे रात्री तरुण पोरे सिग्नल ते सिग्नल शर्यती लावीत. 1995 पासून दर ऑगस्टात जुन्या गाड्यांची जत्रा भरते. आम्ही त्या ऐतिहासिक रस्त्यावर ताशी वीस मैलांनी निघालो, आणि एक विपरीत घडले. पुतण्याने पहिल्यातून दुसरा टाकला, तर दांडा सरळ चौथ्यात जाऊन बसला! दोनदा, तीनदा तेच. पोराचा चेहरा उतरला. त्याला वाटले, आपलाच हात चुकतो.

रात्री जेवताना मी हा प्रकार सांगितला. दादा आमटीच्या वाटीकडे बघत मला म्हणाले, “त्याला सांग, हात चुकत नाही.” आणि वाटीशीच बोलल्यासारखे ते समजावून सांगू लागले. इंजिन तापलेले असले, गाडी पंधरा-वीस मैलांच्या वेगात असली आणि ॲक्सिलेटरवर पाय हलका असला, की विजेवर चालणारी एक खीळ दुसऱ्याची वाट अडवते आणि दांडा चौथ्याकडे ढकलते. सरकारी चाचणीत पेट्रोलचा हिशेब बरा दिसावा म्हणून केलेली ही योजना. “जरा जास्त रेस दिली तर अडवत नाही. आणि एक छोटा प्लग मिळतो. तो बसवला की ती खीळ गप्प राहते.”

मला हसू आवरेना. पहिलीतल्या मुलाला एकदम चौथीत बसवणारे पालक मी पाहिले होते. गाडी प्रथमच पाहत होतो! पण पुतण्या हसला नाही. तो बापाकडे बघत होता.

तो प्लग ही गाडीची पहिली सुधारणा. दुसरी सुधारणा क्लचच्या तेलाची. पेडलाचा दाब तेलातून पुढे जातो. ते वर्षानुवर्षे बदललेले नव्हते, काळ्या कॉफीसारखे झाले होते. नवे घालताच रेंगाळत वर येणारे पेडल पायाबरोबर येऊ लागले. भारी क्लच यादीतून गेला, एक्झॉस्टही गेला. आखूड दांड्याचे पुढच्या वर्षी बघू, असे त्यानेच ठरवले.

राहिला होता चढ. मिशिगनचा तो भाग पोळपाटासारखा सपाट. पण दादांच्या घरापुढचा रस्ता गॅरेजकडे चांगलाच चढतो. चढावर थांबवून पुन्हा निघायचे म्हटले की गाडी मागे घसरे, पोर घाबरून क्लच सोडी आणि गाडी बंद. मी निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून हेच चालले होते. माझे ‘हाफ क्लचवर धर, मग हँडब्रेक सोड’ हे पालुपद ऐकून शेजारची मंडळीही मराठी शिकली असतील.

इतक्यात दार उघडले. दादा बाहेर आले. शेकोटीसाठी रचलेल्या ढिगातला एक ओंडका त्यांनी उचलला, मागच्या चाकामागे वीतभर अंतर सोडून ठेवला आणि हातावरची धूळ झाडीत बाजूला उभे राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी यवतेश्वरच्या घाटात माझ्या मारुतीच्या चाकामागे त्यांनी असाच दगड ठेवला होता. मी उंचवट्यावरून पाय काढले आणि गाडीतून खाली उतरलो. मास्तरची गरज संपली होती.

दादा खिडकीशी वाकले. “आता सोड,” ते म्हणाले, “फार मागं जाणार नाही.”

गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा चढली.

त्या दिवशी बापलेक फारसे बोलले नाहीत, आणि मीही आग्रह धरला नाही. परवा दिवाळीच्या फराळाचे पार्सल पोचल्याचा वहिनींचा फोन आला. मी विचारले, “आता कसं काय आहे?” वहिनी म्हणाल्या, “रविवारी दोघं मिळून गाडी धुतात. बोलतात ते गाडीपुरतंच.”

म्हटले, छान आहे. दुसरा गिअर पडला म्हणायचा. तिसरा यथाकाल पडेल.