धूळ कोणाच्या छातीवर मोजली?

आमच्या चंद्रपूरच्या वस्तीतले एक काका बावीस वर्षं भूमिगत कोळसा खाणीत होते. दम लागू लागला तेव्हा टीबीची औषधं दोनदा झाली. फरक शून्य. खाणीत धूळ किती होती हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी काकांना सांगता आलं नसतं. तो आकडा त्यांना कोणी दाखवलाच नव्हता.

मित्रांनो, आकडा निघतो कसा ते समजून घ्या, कारण "ही तांत्रिक बाब आहे" म्हणून इथंच आपल्याला बाजूला सारतात. कामगाराच्या कॉलरजवळ, श्वासाच्या जागी, छोटं यंत्र लावतात. कमरेचा पंप मिनिटाला साधारण दोन लिटर हवा ओढतो. जाड कण वेगळे होतात, फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण फिल्टरवर बसतात. पाळीआधी आणि पाळीनंतर फिल्टर तोलायचा. 2017 च्या कोळसा खाण नियमांत आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला 2 मिलिग्रॅम आहे. सिलिका 5 टक्क्यांच्या वर गेली की ती आणखी खाली येते. आठ तासांत पंपातून जेमतेम एक घनमीटर हवा जाते. म्हणजे सगळा हिशेब साखरेच्या दोन-चार दाण्यांएवढ्या वजनाचा!

इतक्या वजनात लबाडी सोपी. यंत्र ताज्या हवेच्या वाटेवर टांगा, त्या दिवशी पाणी जास्त मारा. अमेरिकेत 1991 साली आठशेहून अधिक खाणींवर नमुन्यांशी छेडछाडीचा ठपका सरकारनेच ठेवला होता. 2016 पासून तिथं सर्वाधिक धुळीची कामं करणाऱ्यांच्या अंगावर असं यंत्र असतं की पाळी चालू असतानाच आकडा त्याच्या पडद्यावर दिसतो. तरी 2018 मध्ये केंटकीत नमुन्यांच्या फसवणुकीचा फौजदारी खटला उभा राहिलाच. आपल्याकडे मोजणीची जबाबदारी मालकाचीच, आणि तीही साधारण सहा महिन्यांतून एकदा.

मजूर मंत्री असताना बाबासाहेब डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या खाणीत स्वतः खाली उतरले होते. कागदावर विसंबले नाहीत. आपण मात्र आरक्षणाचा जीआर तोंडपाठ करतो आणि धुळीचा अहवाल कधी मागत नाही. (मीही मागितला नव्हता.) नमुना घेताना कामगारांचा प्रतिनिधी हजर हवा, अहवाल मराठी-हिंदीत हजेरीच्या जागी लागला पाहिजे, आणि यंत्र ठेकेदाराच्या मजुरालाही लागलं पाहिजे.

मागच्या महिन्यात ठेकेदाराकडच्या पोरांना विचारलं, कधी अंगावर यंत्र लावलं का रे? एक म्हणाला, "कोणतं यंत्र, ताई?"