पात्रता आणि पुरावा

गरिबाच्या हाती शासनाने थेट पैसा द्यावा, ही कल्पना आता आपणास नवी राहिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत केंद्र सरकारने जनधन खातेदार महिलांच्या खात्यात एप्रिल ते जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा केले. पुढे महाराष्ट्र शासनाने २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये पहिल्या दोन महिन्यांचे ३००० रुपये खात्यांत येऊ लागले. जळगाव-धुळ्याकडील शेतमजूर बाईच्या घरी दरमहा १५०० रुपये ही लहान रक्कम नव्हे. तो पैसा आठवडे बाजारात, किराण्यात आणि औषधपाण्यात लगेच खर्च होतो. त्यावर गावच्या दुकानदाराचेही चार पैसे सुटतात.

आरंभी अटी सोप्या होत्या. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, घरात आयकरदाता वा कायम शासकीय कर्मचारी नसावा, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नसावी. पिवळे अथवा केशरी रेशनकार्ड असल्यास उत्पन्नाचा दाखलाही लागत नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्यानंतर काटेकोर छाननी सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख महिला अपात्र ठरल्या. जुलै २०२५ मध्ये २६.३४ लाख लाभार्थींचे पैसे थांबवल्याचे शासनाने सांगितले. त्यांत काही ठिकाणी पुरुषांनीच पैसे घेतल्याचेही उघड झाले.

छाननीला आमचा विरोध नाही. सार्वजनिक पैसा खोटेपणाने घेणे हा गरिबाच्याच ताटातला घास काढून घेण्याचा प्रकार आहे. परंतु अपात्र असणे वेगळे आणि पात्रता सिद्ध करता न येणे वेगळे, हा भेद आम्हास महत्त्वाचा वाटतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. तीत महिलेबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी होती. विधवा व घटस्फोटितांना मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय नंतर झाली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईचे काय? योजनेने परित्यक्तेला पात्र मानले आहे. तिच्याजवळ न्यायालयाचा कागद नसतो, आणि पडताळणीचा क्रमांक जातो नवऱ्याच्या मोबाइलवर. वडील वारले असून मृत्यूची नोंदच झाली नसेल, तर दुसरी वाटही बंद. शिवाय नोव्हेंबर-डिसेंबर हे ऊसतोडीचे दिवस. साक्री, शिरपूर, चाळीसगावकडील कुटुंबे तेव्हा घरापासून दूर असतात. जिची गरज सर्वांत मोठी, तिचाच कागद सर्वांत अपुरा, असे हे चित्र आहे.

शासनाने अशा भगिनींसाठी ग्रामसभेचा किंवा स्थानिक चौकशीचा दाखला ग्राह्य धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपणही हातावर हात ठेवून बसू नये. प्रत्येक धर्मग्रामात दोन शिकलेल्या तरुणांनी शेजारच्या अशा भगिनींचे कागद पाहून द्यावेत, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत. मृत्यूची राहिलेली नोंद करून घ्यावी. पैसे अर्जातील खात्यात नव्हे, तर आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. ते खाते कोणत्या बँकेत आहे हे तपासावे. कित्येकींचा 'न आलेला' हप्ता एखाद्या जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असू शकतो.