कंपनी बदलून लॅग जात नाही, मंडळी!

आमच्या पुतण्यानं वर्षभरात घरचं इंटरनेट तीनदा बदललं. का? तर रात्री गेम खेळताना लॅग येतो. दरवेळी जोडणीचे पैसे वेगळे, सहा महिन्यांचं रिचार्ज आगाऊ. प्रत्येक एजंटनं सांगितलं, "भाऊ, 100 एमबीपीएस देतो, मक्खन चालेल." लॅग मात्र जिथल्या तिथं!

काही जण म्हणतील, पोरांच्या गेमवर कसली पोस्ट? जरा थांबा. हा तुमच्या-माझ्या खिशाचा विषय आहे.

एमबीपीएस म्हणजे बसला सीट किती. पिंग म्हणजे ती बस धुळ्याला जाऊन परत यायला वेळ किती. गेमला सीट फार लागत नाहीत, बस वेळेवर लागते. आणि कंपन्या जाहिरात फक्त सीटची करतात. पिंगचा आकडा एकाही पॅम्प्लेटवर दिसला का तुम्हाला?

आता हिशोब करा. बऱ्याच मोठ्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. नंदुरबार-मुंबई धरा 400 किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन 800 किलोमीटरला 4 मिलिसेकंद. लाईन वळसे घेते, मध्ये मशिनी लागतात, म्हणून 30-40 धरा. मग आमच्या पोरांच्या स्क्रीनवर 180 कुठून येतो? "नंदुरबार लांब पडतं ना साहेब" हे उत्तर साफ खोटं आहे.

खरं सांगायचं तर थोडी चूक घरातही असते. राऊटर कपाटामागे आणि पोरगं दोन भिंतींपलीकडे. म्हणून आधी लॅनची वायर थेट लावा. मग सकाळी 6 ला आणि रात्री 9 ला पिंग मोजा. सकाळी 35 आणि रात्री 180 आला, तर लाईन तीच, अंतर तेच. वाढली ती गर्दी. जेवढ्या लाईनवर शंभर घरं चालतील तेवढ्यावर पाचशे घरं बसवायची, हा धंदा आहे!

आणि कंपनी बदलून का फरक पडत नाही? कारण बऱ्याचदा छोटे ऑपरेटर मागून एकाच मोठ्या लाईनवरून माल घेतात. दुकानं तीन, गोडाऊन एक. रस्त्यावर जेसीबी चालला की दोन-तीन कंपन्यांचं नेट एकदमच जातं, हे कधी पाहिलं नाही का? तेव्हा बदलण्याआधी एवढंच विचारा: तुमची लाईन मागून कुणाची? त्याच गल्लीतल्या एखाद्या गिऱ्हाईकाकडे रात्री जाऊन पिंग बघा. आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ देऊ नका, महिन्याचेच द्या.

आता मोठी गोष्ट. 29 सप्टेंबर 2010 ला देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून रेशन अंगठ्यावर, शिष्यवृत्ती ऑनलाइन, पीकविमा ऑनलाइन, परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन. शहरात पोरगं लॅगमुळे मॅच हरतं, तर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरची म्हातारी रेंज नाही म्हणून रेशनविना परत जाते. दुखणं एकच आहे. सगळं ऑनलाइन करायचं आणि लाईन मात्र कुणी तपासायची नाही!

ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत. त्यात स्पीडच नाही, लेटन्सीचेही निकष आहेत. लेटन्सी म्हणजेच हा पिंग. नियम कागदावर आहे, तो मोजून कोण घेणार?

माझ्या तीन मागण्या. एक, प्रत्येक कंपनीनं रात्री 9 चा पिंग जाहिरातीत छापावा. दोन, जिल्ह्याला दुसऱ्या मार्गानं येणारी स्वतंत्र लाईन मिळावी, म्हणजे एका खड्ड्यानं सगळं ठप्प होणार नाही. तीन, ग्रामपंचायतींपर्यंत आलेल्या भारतनेटच्या किती जोडण्या आज चालू आहेत, ते प्रशासनानं गावनिहाय जाहीर करावं.

आज रात्री 9 ला वायर लावून पिंग मोजा. गल्ली, गाव, वेळ आणि आकडा खाली लिहा, स्क्रीनशॉट जपून ठेवा. नुसतं "नेट स्लो आहे" म्हटलं की हसून वाटेला लावतात. दोनशे घरांचे आकडे टेबलावर ठेवले की उत्तर द्यावंच लागतं. ते टेबलावर ठेवायची जबाबदारी माझी.