हजेरीपट कोणाच्या हाती?

कोणत्याही उद्योगाचा कारभार अखेरीस नोंदींवर चालतो. माल किती आला व किती गेला, कोण किती वाजता कामावर हजर झाला, कोणाच्या हातून किती काम उठले, कोणाच्या मजुरीतून किती कापायचे, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या दप्तरात असतात तोच त्या उद्योगाचा खरा धनी असतो. दप्तराचे रूप काळानुसार पालटत गेले. चोपडीची जागा खतावणीने घेतली, खतावणीची छिद्रांकित कार्डांनी, कार्डांची संगणकाने आणि संगणकाची आता प्रत्येक कामगाराच्या खिशातील मोबाइलने. परंतु दप्तर कोणाचे आणि ते कोणी पाहावे, हा मूळ प्रश्न या सर्व स्थित्यंतरांत तसाच उभा आहे. व्यवस्थापनाच्या नव्या तंत्राविषयी आज जी चर्चा चालते तिच्यात नेमक्या याच प्रश्नाला बगल दिली जाते. म्हणूनच त्याचा परामर्श घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावाने कागद रंगवून त्याची जमीन कशी गिळली जाते, याचे भेदक चित्र जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये रेखाटले. लेखणीच्या जोरावर रयतेला नागवणाऱ्यांना त्यांनी ‘कलमकसाई’ हा शब्द योजला. जोतीरावांचा रोख अक्षरज्ञानावर नव्हता. ते तर स्वतःच शाळा काढणारे होते. त्यांचा रोख होता तो एकाच्या हाती लेखणी आणि दुसऱ्याच्या हाती केवळ अंगठा, या विषमतेवर. आजच्या यंत्रयुगातील विषमता तपासताना हीच कसोटी उपयोगी पडावी.

पाश्चात्त्य भांडवलशाहीने हीच विषमता शास्त्राच्या नावाने बांधून काढली. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ मध्ये ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’ची तत्त्वे मांडली. कामाचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कारागिराच्या हातात व डोक्यात होते, ते व्यवस्थापनाने गोळा करावे, त्याचे वर्गीकरण करावे, त्याचे नियम बनवावेत आणि ते नियम सूचना म्हणून कामगारावर लागू करावेत, हा त्याच्या विचाराचा गाभा होता. घड्याळ लावून कामगाराच्या हालचाली मोजणे हे त्याचे बाह्य अंग होय. कामगाराकडून घेतलेली माहिती त्याच्याच विरुद्ध वापरता यावी अशी तिची मालकी बदलणे, हे त्याचे अंतरंग. आजचा संगणक हेच काम सेकंदासेकंदाला करतो, इतकाच फरक.

आपल्या देशात संगणक आला तेव्हा कामगार चळवळीने त्याला निमूटपणे वाट करून दिली नाही. आयुर्विमा महामंडळात साठच्या दशकात यंत्रे बसवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विशेषतः कलकत्त्यातील कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. हा प्रश्न किती गंभीर मानला गेला याचे गमक असे की, केंद्र सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली आणि प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील त्या ऑटोमेशन समितीने १९७२ मध्ये आपला अहवाल सादर केला. पुढे १९८३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला. कोणती यंत्रे, किती आणि कोणत्या कामासाठी, हे त्या काळी वाटाघाटीच्या मेजावर ठरत असे. या लढ्यांची ‘प्रगतीचे वैरी’ म्हणून हेटाळणी करण्याची आज फॅशन आहे. ती सर्वस्वी अन्यायाची आहे. यंत्र आणण्यापूर्वी यंत्रावर बसणाऱ्याला विचारले पाहिजे, हे तत्त्व त्या लढ्यांनी प्रस्थापित केले. आज ते तत्त्वच पुसले गेले आहे.

समाजवादी विचार यंत्राचा द्वेष्टा कधीच नव्हता. १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. रेल्वे आरक्षणातील काळाबाजार व लाचलुचपत मोडण्यासाठी संगणक आणावा, या दिशेची पावले त्यांच्याच कारकिर्दीत पडली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास दिल्लीत ती योजना प्रत्यक्षात उतरली. रिकाम्या जागांची माहिती आरक्षण कारकुनाच्या व दलालाच्या मुठीतून सुटून खिडकीपुढच्या रांगेपर्यंत आली. त्याच सुमारास, १९७८ मध्ये, विदेशी भागभांडवलाच्या मर्यादेस नकार देऊन आयबीएम कंपनीने भारतातून काढता पाय घेतला. तरी देशातील संगणक बंद पडले नाहीत. सरकारी मालकीच्या सीएमसी या संस्थेने त्यांची देखभाल अंगावर घेतली. तंत्रज्ञान कंपनीच्या अटींवरच मिळते, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता.

याहून बोलका प्रयोग चिलीमध्ये झाला. साल्वादोर आयेंदे यांच्या समाजवादी सरकारने राष्ट्रीयीकृत कारखान्यांच्या कारभारासाठी १९७१ मध्ये स्टॅफर्ड बिअर या ब्रिटिश तज्ज्ञाला पाचारण केले आणि ‘सायबरसिन’ ही योजना आखली. देश गरीब, संगणक जेमतेम. म्हणून टेलेक्स यंत्रांचे जाळे विणून कारखान्यांचे रोजचे आकडे राजधानीत आणण्यात आले. कारभारात कामगारांचा सहभाग असावा, कारखान्याची स्वायत्तता राखून वरून समन्वय साधावा, असा तिचा हेतू होता. ऑक्टोबर १९७२ मध्ये मालमोटारींच्या मालकांनी संप पुकारून देशाची कोंडी केली, तेव्हा याच टेलेक्सच्या आधारे सरकारने पुरवठा चालू ठेवला. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाने आयेंदे यांचा आणि त्या प्रयोगाचाही अंत केला. त्या योजनेत कच्चेपणा पुष्कळ होता. परंतु तीच यंत्रे वेगळ्या हेतूने वापरता येतात, एवढे तिने निःसंशय दाखवून दिले.

यंत्राच्या नोंदीला प्रश्न विचारण्याचा अधिकार नसला म्हणजे काय घडते, याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक प्रणाली आपल्या शाखांत बसवली. प्रणालीत दोष होते; तिच्यात नसलेली तूट दिसू लागली. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी शाखा चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरची. संगणक चुकतो असे त्याने म्हणावे, तर मूळ नोंदी त्याला पाहता येत नव्हत्या; आणि यंत्र बरोबर चालते असे गृहीत धरण्याचा तेथील न्यायालयांचा दंडक होता. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे दिवाळे वाजले, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोषांवर बोट ठेवले आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. कायद्याच्या राज्याचा डांगोरा पिटणाऱ्या देशात हे घडले. ते घडण्याचे कारण यंत्रातील बिघाड एवढेच नव्हते. बिघाड सांगणाऱ्याचा शब्द आणि यंत्राचा आकडा यांत आकड्याला इमान आणि माणसाला बेइमानी चिकटवण्याची व्यवस्थापनाची वृत्ती, हे त्याचे खरे कारण.

आता आपल्या शहरांकडे वळू. मुंबई, पुणे, नागपूर येथे दुचाकीवर पिशवी बांधून अन्न व किराणा पोहोचवणारे, टॅक्सी चालवणारे, घरोघरी दुरुस्तीला जाणारे लाखो तरुण आज मोबाइलच्या हुकमतीखाली राबत आहेत. देशभरात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा नीती आयोगाचा २०२२ मधील अंदाज आहे. यांचा मुकादम दिसत नाही. कोणती फेरी कोणाला द्यायची, तिचा दर काय, बक्षिसाची रक्कम किती फेऱ्यांनंतर मिळणार, गिऱ्हाइकाने दिलेल्या गुणांचा परिणाम काय, हे सारे कंपनीच्या गणितावर ठरते आणि ते गणित कामगाराला दाखवले जात नाही. एके सकाळी मोबाइल उघडावा तो ‘आयडी’ बंद! कोणत्या तक्रारीवरून, कोणाच्या निर्णयाने, दाद कोठे मागायची, याचा पत्ता नसतो. गिरणीच्या फाटकावर निदान काढून टाकलेल्यांची नावे लागत असत. येथे फाटकच नाही.

परक्या राजवटीतील १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने मालकाच्या दंडाच्या अधिकारालाही लगाम घातला होता. कामगाराला कारण दाखवण्याची संधी दिल्यावाचून दंड करता येत नसे, केलेला दंड नोंदवहीत लिहावा लागे आणि त्या पैशाचा विनियोग कामगारांच्या हितासाठीच करावा लागे. ब्रिटिश अमदानीतील गिरणी कामगाराला कायद्याने जे दिले, ते स्वतंत्र भारतातील मोबाइलधारी कामगाराला, तो ‘कामगार’ नसून ‘भागीदार’ आहे अशी शाब्दिक कसरत करून, नाकारले जाते. भागीदाराला पेढीची चोपडी पाहण्याचा हक्क असतो, याचा मात्र कंपन्यांना सोयीस्कर विसर पडतो.

यावर कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला आहे: गणित हे व्यापारी गुपित आहे, ते उघडे केल्यास प्रतिस्पर्धी त्याचा लाभ उठवतील. या म्हणण्यात तथ्यांश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक कोठून मिळवावे, माल कोठे साठवावा ही गुपिते कंपनीने खुशाल जपावीत. परंतु मजुरी कशी ठरली आणि काम का गेले, हे गुपित होऊ शकत नाही. तो दोन पक्षांमधील हिशेब आहे. हिशेबाचा एक पक्ष आंधळा ठेवून केलेला व्यवहार कोणत्याही बाजारपेठेत लबाडीच समजला जातो. ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये उबर व ओलाच्या चालकांच्या बाजूने निकाल देताना हा हक्क मान्य केला. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाद्वारे कामगाराचे खाते बंद करण्याचा निर्णय यंत्रावर न सोडता माणसानेच घ्यावा असे बंधन घातले. त्याने तेथील उद्योग बुडाल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी पहिला कायदा केला. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात कामावरून काढण्यापूर्वी कारणासह १४ दिवसांची सूचना देण्याचे आणि स्वयंचलित निर्णयपद्धतीची माहिती देण्याचे बंधन आणले. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता मात्र अंशदानाच्या चौकटीबाहेर जात नाही. विम्याचे चार पैसे देऊन दप्तराची किल्ली कंपनीकडेच ठेवते. इतकेच नव्हे, तर २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा मालकाला देऊन ठेवली आहे. ज्याच्यापासून संरक्षण हवे त्याच्याच हाती पहारा देण्याचा हा प्रकार होय.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी महाराष्ट्राने दूर पाहण्याची गरज नाही. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालील माथाडींच्या लढ्यातून आणि पुण्यात बाबा आढाव यांनी बांधलेल्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांच्या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा उभा राहिला. हमालाला एक मालक नव्हता, कायम जागा नव्हती, ठरलेली वेळ नव्हती. तो कोणाचाच कामगार नाही, असे तेव्हाचे व्यापारीही म्हणत. कायद्याने यावर तोडगा काढला तो नोंदीच्या मार्गाने. मालक, कामगार आणि सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन झाले. मालक व कामगार दोघांचीही नोंदणी तेथे. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची. म्हणजे हजेरीपट व्यापाऱ्याच्या पेढीतून उठून सार्वजनिक मंडळात आला. या मंडळांच्या कारभारात ढिलाई व गैरप्रकार शिरले, ही तक्रार खरी आहे आणि ती निपटलीच पाहिजे. तथापि तत्त्व आजही शाबूत आहे आणि चोपडीच्या काळात जे साधले ते संगणकाच्या काळात अधिक सुलभतेने साधावे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मोबाइलवरून काम देणाऱ्या प्रत्येक कंपनीने कामगाराची प्रत्येक फेरी, तिचा दर व कपात यांची नोंद त्रिपक्षीय मंडळाकडे त्याच दिवशी पाठवावी आणि ती कामगाराला मराठीत वाचता यावी. काम वाटण्याचे व दर ठरवण्याचे निकष संघटनेला लेखी कळवावेत. ते बदलायचे तर पूर्वसूचना द्यावी. लेखी कारण, सुनावणी आणि नाव असलेला जबाबदार अधिकारी यांवाचून कोणाचाही ‘आयडी’ बंद होऊ नये. यंत्राची नोंद व कामगाराचे म्हणणे यांत तफावत आली तर नोंद खरी असल्याचे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असावा.

यातील एकही मागणी यंत्र बंद पाडण्याची नाही. यंत्र राहो, वाढो, कष्ट कमी करो. मात्र संघटनांनी पगारवाढीच्या मागणीपत्रात दप्तराचे कलम यापुढे शेवटच्या ओळीत न ठेवता पहिल्या ओळीत ठेवावे. १९८३ च्या मेजावर प्रश्न होता यंत्रांच्या संख्येचा. आजच्या मेजावर प्रश्न आहे यंत्रातील नोंदींचा. ते मेज अद्याप मांडले गेलेले नाही. ते मांडायला भाग पाडणे हे संघटित कामगारांचे काम आहे आणि त्यांनी ते या असंघटित भावंडांसाठी अंगावर घेतले पाहिजे. आज दुचाकीवरच्या तरुणाला लावलेली ही पद्धत उद्या बँकेच्या, विम्याच्या आणि कारखान्याच्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही.