स्वयंसेवक मिळत नाहीत, की टिकत नाहीत?

मुस्लिम समाजात काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या बैठकीला जा, एक तक्रार हमखास कानावर पडते. ‘पोरं पुढं येत नाहीत. सगळी मोबाइलमध्ये गुंतलीत. आमच्या वेळी असं नव्हतं.’ पुरोगामी संघटनांच्या बैठकीत हीच तक्रार जरा वेगळ्या शब्दांत होते. ‘मुस्लिम तरुण आमच्याकडे येत नाहीत.’ दोन्हीकडे सगळे माना डोलावतात, चहा येतो आणि विषय बदलतो.

ही तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये औरंगाबादजवळ लिंबेजळगावला राज्यस्तरीय इज्तेमा झाला. लाखो लोक जमले. मैदान तयार करण्यापासून पाणी, पार्किंग आणि वाहतुकीपर्यंतची कामे हजारो माणसांनी स्वतःहून केली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे मशिदी आणि मदरसे पूरग्रस्तांसाठी उघडले गेले, तिथे रात्रंदिवस राबणारी मोहल्ल्यातलीच पोरे होती. 2020 साली रक्ताचे नातेवाईक मृतदेहाला हात लावायला घाबरत होते, तेव्हा अनेक शहरांत मुस्लिम तरुणांनी कब्रस्तानात दफनविधी केले आणि स्मशानात हिंदू मयतांना अग्नीही दिला. त्याच वर्षी इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळून 36 लाख रुपये उभे केले आणि तिथल्या सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभागासाठी दिले.

म्हणजे माणसे येतात. हाक दिली की येतात. प्रश्न पुढचा आहे. पूर ओसरला, साथ सरली, इज्तेमाची दुआ झाली की ही माणसे जातात कुठे? त्यांच्यातले किती जण दोन वर्षांनी त्याच संस्थेत दिसतात? माझ्या मते मुस्लिम समाजाला स्वयंसेवकांची टंचाई नाही. आलेल्या माणसाला सांभाळण्याची रीत आपल्या संस्थांनी शिकून घेतलेली नाही, टंचाई तिची आहे.

नेमके काय होते ते पाहू. एखादा बी. कॉम. झालेला मुलगा संस्थेत येतो. त्याला हिशेब कळतो, संगणक येतो, मराठी अर्ज लिहिता येतो. संस्था त्याला सतरंज्या अंथरायला, खुर्च्या मांडायला आणि पाहुण्यांच्या गाड्या लावायला सांगते. हे काम हलके नाही, कुणीतरी ते करायलाच हवे. पण तीन वर्षे तेच काम, आणि जमा-खर्चाच्या वहीला हात लावायची सोय नाही, असे असेल तर तो थांबत नाही. त्याने एकदा ‘या जलशापेक्षा अभ्यासिका सुरू करू या का?’ असे विचारले, की ‘बेटा, बडों में मत बोलो’ हे उत्तर ठरलेले. बहुतेक ट्रस्टचे पदाधिकारी वर्षानुवर्षे तेच आहेत. खालून येणाऱ्याला वरची पायरीच दिसत नसेल, तर तो चढणार कुठे?

पुरोगामी संघटनांत हाच मुलगा गेला तर त्याला थेट मंचावर बसवतात. त्याच्याकडून अपेक्षा एकच, त्याने मुसलमान असावे. इफ्तारचा कार्यक्रम असला, सलोखा परिषद असली, की त्याला फोन येतो. पाणीप्रश्नावरच्या, एसटीच्या किंवा शेतमालाच्या भावावरच्या आंदोलनाची आखणी करताना त्याची आठवण होत नाही. एकीकडे तो फक्त हात असतो आणि दुसरीकडे फक्त चेहरा. दोन्ही ठिकाणी त्याचे डोके कुणालाच नको असते.

यात मराठी मुसलमानाची आणखी एक अडचण आहे. या कामासाठी त्याच्याकडे धड शब्दही उरलेला नाही. उर्दूत स्वयंसेवकाला रजाकार म्हणतात. रजा म्हणजे मर्जी, संमती. मराठीत आपण सुट्टीसाठी मागतो ती ‘रजा’ याच कुळातली. आपल्या मर्जीने काम करतो तो रजाकार, इतका साधा हा शब्द. पण 1947-48 मध्ये हैदराबाद संस्थानात कासीम रझवीच्या रजाकारांनी जे अत्याचार केले, त्यानंतर मराठवाड्यात हा शब्द शिवी झाला. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रजाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. रजाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. दुसरा शब्द ‘स्वयंसेवक’. तो मोहल्ल्यात उच्चारला की ऐकणाऱ्याला आधी संघ आठवतो. मग उरतो टी-शर्टवर छापलेला ‘व्हॉलंटियर’.

शब्दाची ही अडचण वरवरची वाटेल, पण तिच्यामागे खरी भीती आहे. मुलगा संस्थेत जायला निघाला की अम्मी विचारते, ‘कुणाची आहे ही संस्था? पोलिसांचं काही लफडं तर नाही ना?’ ज्या घराने निरपराध पोरांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखांना जाताना पाहिले आहे, त्या घराचा हा प्रश्न भित्रेपणाचा म्हणता येत नाही. म्हणून मुस्लिम तरुणांना कामात घेणाऱ्या संस्थेने पहिल्याच दिवशी काही गोष्टी उघडपणे सांगायला हव्यात. संस्था कोणी काढली, नोंदणी कुठे झाली, पैसा कुठून येतो, निर्णय कोण घेतो आणि काही अडचण आली तर रात्री कुणाला फोन करायचा. ओळखपत्र आणि संस्थेच्या कागदावरचे पत्र द्यायला फार खर्च येत नाही. पण रस्त्यात अडवून विचारपूस झाली, तर तेवढाच कागद त्या पोराच्या बाजूने बोलतो. संस्थेचा एखादा जबाबदार माणूस घरी जाऊन आई-वडिलांना भेटला, तर निम्मी भीती तिथेच संपते.

तिसरा शब्द आपल्याकडे आहे, खिदमतगार. त्याला प्रतिष्ठा दिली बादशाह खान यांनी. सरहद्द प्रांतात 1929 मध्ये त्यांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. ती एका सभेतल्या आवाहनातून उभी राहिली नव्हती. त्याआधी आठ वर्षांपूर्वीच, 1921 मध्ये, त्यांनी उत्मानझईला आझाद शाळा काढली होती आणि गावोगाव पायी फिरून लोक जोडले होते. खिदमतगार होणाऱ्याला शपथ घ्यावी लागे. हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, मोबदल्याची अपेक्षा ठेवणार नाही आणि रोज किमान दोन तास समाजाच्या कामाला देईन. शिबिरे होत, कवायत होत असे. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून विटकरी रंगात रंगवलेला साधा गणवेश होता. 23 एप्रिल 1930 ला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात इंग्रजांनी गोळीबार केला, तेव्हा निःशस्त्र जमाव पांगला नाही. बंदूक आणि वैर ज्या समाजात रोजचे होते, तिथे हे घडले. पठाणांची निष्ठा याला कारण होतीच, पण त्या निष्ठेला वळण देणारी शपथ, शिबिरे आणि सोबतही होती. ‘रोज दोन तास’ यातही मोठे शहाणपण आहे. संघटनेने माणसाचे सगळे आयुष्य मागितले नाही. किती वेळ हवा ते स्पष्ट सांगितले.

महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे असेल तर भिवंडीचे घ्या. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी हे शहर होरपळले होते. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू आणि मुसलमान साधारण बरोबरीने घेतले. नेहमीच्या मंचावरच्या पुढाऱ्यांवर भिस्त न ठेवता गल्लीतल्या साध्या माणसांना बसवले. दंगल नसतानाही या समित्यांच्या बैठका नियमित होत, भागातला पोलीस त्यात असे आणि शेजाऱ्यांची किरकोळ भांडणेही तिथेच मिटवली जात. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे शांतता समिती तणाव निर्माण झाल्यावर आठवते. भिवंडीत माणसे आधीच ओळखीची झाली होती, त्यांना रोजचे काम होते, म्हणून ऐन वेळी ती उपयोगी पडली.

पानी फाउंडेशनने 2016 मध्ये वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तेव्हाही हीच गोष्ट दिसली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके घेतले होते. फावडे हातात देण्याआधी गावांतल्या पुरुषांना आणि बायकांना प्रशिक्षण दिले गेले. पाणी कसे वाहते, समतल रेषा कशी आखायची, चर कुठे खणायचा. खणणाऱ्याला आपण का खणतो आहोत हे माहीत होते आणि स्पर्धेला शेवटची तारीखही होती. शिकवलेले, मोजता येणारे आणि कधी तरी संपणारे काम असले की माणूस उन्हातही ते करतो.

आपल्या संस्थांना हे सहज जमण्यासारखे आहे. ‘समाजासाठी काहीतरी करा’ हे आवाहन सोडून द्यावे. त्याऐवजी असे सांगावे, ‘दर रविवारी 10 ते 1. आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि रेशन कार्डावरची नावे जुळवून द्यायची. सहा महिने. शिकवायला आम्ही आहोत.’ नावांचा हा घोळ मोहल्ल्यात घरोघर आहे. एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेवटी आणि तिसऱ्यावर बापाचे नावच गायब. त्यापायी शिष्यवृत्तीचे अर्ज बाद होतात, पेन्शन अडते. हे काम कोणताही बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी दोन दिवसांत शिकू शकते. ज्याला असे ठरलेले काम मिळते, त्याला पुढच्या रविवारी बोलवावे लागत नाही.

मुलींबद्दल स्वतंत्रपणे बोलायला हवे. आज अनेक मोहल्ल्यांत शिक्षणात मुली मुलांच्या पुढे आहेत. पण संस्थांच्या बैठका इशाच्या नमाजनंतर, रात्री दहाला, अशा कार्यालयात होतात जिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नसते. मग ‘आमच्या मुली येत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. बैठक दुपारी चारला ठेवा, दोघी-तिघींना एकत्र बोलवा, येण्याजाण्याचे भाडे द्या आणि कुणी वेडेवाकडे बोलले तर तक्रार कुणाकडे करायची ते आधीच सांगा. मग पाहा किती येतात.

भाडे म्हटले की कपाळावर आठ्या पडतात. ‘खिदमत करायची आणि पैसे मागायचे?’ इथे आपण सवाबचा सोयीचा अर्थ लावतो. सवाब अल्लाह देईल, पेट्रोलचे पैसे संस्थेनेच द्यायचे असतात. आठशे रुपये रोज कमावणारा मिस्त्री एक दिवस देतो, तेव्हा त्याने आठशे रुपयांची देणगीच दिलेली असते. त्यावर रिक्षाभाडे, मोबाइलचे रिचार्ज आणि दुपारचे जेवण त्याच्याच खिशातून जात असेल, तर काही दिवसांनी फक्त खात्यापित्या घरातली पोरे उरतात. आणि मग संस्था कोणाची होते, हे सांगायला नको.

जोखमीच्या कामात तर ही जबाबदारी वाढते. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा ठिकठिकाणहून तरुण चिखल उपसायला गेले. पुराच्या चिखलात काच असते, पत्रे असतात, लेप्टोचा धोका असतो. तिथे पोरे पाठवणाऱ्या संस्थेने गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या यांची सोय आधी करावी. दिसत नाही अशी जखमही असते. ज्या बाविशीच्या पोरांनी कोविडच्या काळात एका दिवसात अनेक मयती उचलल्या, त्यांचे सत्कार झाले, शाली आल्या, फोटो छापले गेले. नंतर त्यांना झोप लागते का, हे फार थोड्यांनी विचारले. महिन्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बसवून, भाषण न करता, फक्त ऐकून घेणे एवढेही पुष्कळ झाले असते.

शेवटची गोष्ट रजेची. आपल्याकडे कुणी काम थांबवतो म्हटले की तो बेइमान ठरतो. त्याच्या नियतीवर शंका घेतली जाते, मशिदीत सलाम घेताना तोंड फिरवले जाते. लग्न होते, नोकरी लागते, बाप आजारी पडतो. माणसाला थांबावे लागते. मर्जीने आलेल्याला मर्जीने जाता आले पाहिजे. ज्याला मानाने निरोप मिळतो तो पुन्हा येतो, निदान धाकट्या भावाला पाठवतो. ज्याच्या वाट्याला टोमणे येतात, तो मोहल्ल्यातल्या आणखी दहा जणांना सावध करतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत ‘पोरं येत नाहीत’ असे कुणी म्हणाले, तर चहा येण्याआधी मागच्या तीन वर्षांत आलेल्यांची यादी काढायला सांगा. त्यातले आज कोण आहेत, कोण गेले, आणि गेलेल्यांना ‘का गेलास?’ असे कुणी विचारले का? बहुतेक ठिकाणी अशी यादीच नसेल. आलेल्या माणसाचे नावही लिहून न ठेवणाऱ्या संस्थेला, तो आलाच नाही असे म्हणण्याचा अधिकार नाही. सुरुवात एका साध्या वहीपासून करता येईल. नाव, काय येते, किती वेळ देऊ शकतो, काय शिकायचे आहे. आणि महिन्याभरात त्या प्रत्येकाला कुणीतरी स्वतः फोन करायचा.