भूमिगताने दाखला कोठून आणावा?

स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचा विषय निघाला आणि त्यात बीड जिल्ह्याचे नाव आले, की ऐकणाऱ्याच्या ओठांवर एक कडवट हसू उमटते. ज्या जिल्ह्यातील अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरी विद्यालयातून राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले, त्याच जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे पीक यावे, यापरते दुर्दैव नाही. निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाने साडेतीनशेच्या आसपास प्रकरणे तपासली आणि त्यांतील कितीतरी दावे खोटे ठरले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही या फसवणुकीवर कठोर शब्दांत कोरडे ओढले.

दोष लबाडांचा, यात शंका नाही. परंतु त्यांना वाट कोणी करून दिली, याचा विचार क्वचितच होतो. केंद्र सरकारची योजना १९७२ च्या १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सुरू झाली. १९८० पासून उत्पन्नाची अटही गेली. सर्वसाधारण अट सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची किंवा तितक्याच काळाच्या भूमिगत जीवनाची. तुरुंगात गेलेल्याची नोंद तुरुंगाच्या दप्तरात सापडू शकते. पण हैदराबाद संस्थानातील लढा, विशेषतः १९४७-४८ चा, मोठ्या प्रमाणात भूमिगतांनी आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतील तरुणांनी लढविला. निजामाच्या पोलिसांच्या हाती आपले नाव लागू नये, हीच तर त्यांची सारी धडपड! जो कार्यकर्ता या कामात अधिक कुशल, त्याच्यामागे कागद तितका कमी. अशा माणसाकडे पुढे सरकारी कचेरीने पुरावा मागितला.

म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरण्याची सोय झाली. सोय न्याय्य होती, आवश्यकही होती. मात्र निवृत्तिवेतनाबरोबर राज्यात नामनिर्देशित पाल्याला नोकरीत प्राधान्य मिळू लागले, तेव्हा त्या प्रमाणपत्राला भाव आला. खऱ्या भूमिगताची फाइल अपुरी आणि तोतयाची परिपूर्ण, असा विचित्र प्रकार त्यातून संभवतो. टेबलावरच्या कारकुनाला तरी किती बोल लावावा? घटना घडली की नाही, हे त्याला कोणी विचारत नाही. सहपत्रे जोडली आहेत की नाहीत, एवढेच विचारतात.

घोटाळा उघडकीस आला की कचेरीला एकच उपाय सुचतो: आणखी एक दाखला. त्याने लबाड अडत नाही, कारण दाखले जमविणे हाच त्याचा धंदा. अडतो तो प्रामाणिक माणूस. हैदराबादच्या आर्य समाज सत्याग्रहींच्या प्रकरणात, केवळ उशिरा अर्ज केला म्हणून निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच सांगितले होते. त्यामागची दृष्टी कचेऱ्यांत झिरपावयास हवी होती.

खरे-खोटे ओळखण्याची जागा गावात होती. दावेदाराचे नाव, त्याने सांगितलेला कॅम्प आणि प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव चावडीवर वाचून दाखविले असते, तर समवयस्क म्हाताऱ्यांनी अर्ध्या घटकेत निवाडा केला असता. आज ती साक्षही संपत आली आहे. १९४८ साली अठरा वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदी केव्हाच ओलांडून गेला. उरल्या आहेत त्या बहुतांशी विधवा. त्यांचे थकलेले दावे तरी जिल्हा प्रशासनाने गावोगाव जाऊन, ग्रामसभेसमोर यादी ठेवून निकालात काढावेत. त्रुटींच्या पूर्ततेसाठी त्यांना पुन्हा बीडच्या एस. टी. त बसवू नये.